साबूत कोपरा

“आधी कोपरा फाड वं त्याचा,” मनकर्णाआत्या म्हणाली. “मयतीचं पत्र असं साबूत धाडते का कोनी? घेनाऱ्याले हातात घेतल्याबरोबर समजलं पायजे.”

गीतांजलीने अंतर्देशीय पत्राच्या कडा चिकटवल्या. चारही कोपरे तसेच राहू दिले.

“बाबा सांगून गेले, आत्या. देवमनकाकांना फोन नाही करायचा. पत्र लिहायचं, बंद करायचं, कोपरा फाडायचा नाही. आणि आपल्या हातानं नेऊन द्यायचं.”

“पन काहून?”

“ते नाही सांगितलं.”

“टपालवाला शेवटपर्यंत टपालवालाच राह्यला माहा भाऊ,” आत्या म्हणाली, आणि पदराने डोळे टिपले.

उत्तमराव सैन्याच्या टपाल खात्यात हवालदार होते. तिवस्यात लोक त्यांना चिडवत, “फौजेत गोळ्या झाडल्या का तिकिटंच चिकटवली?” ते चिडत नसत. म्हणत, “गोंदच वापरला, पन जागेवर वापरला.”

दुसऱ्या दिवशी गीतांजली अकोल्याला बस बदलून पातूरला उतरली. उत्तमरावांचे फौजेतले सोबती देवमनकाका मळ्यात झेंडूच्या ढिगापाशी बसले होते. तिला पाहून उठले.

“ये वं पोरी! अन् उत्तमदादा? एसटीत उलट्या होते म्हनून घरीच बसला काय फौजी?”

बसमध्ये तिने एक वाक्य तयार केलं होतं. ते आता आठवेना. तिने पत्र पुढे केलं.

काकांनी हात पँटला पुसले. पत्ता पाहिला. अक्षर उत्तमरावांचं नव्हतं, तिचं होतं. मग त्यांचा अंगठा पत्राच्या कडेने फिरला. एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. ते हळूच पालथ्या क्रेटवर बसले.

“तुह्या बापानं तुले वेढ्याची गोठ सांगतली कधी?”

तिने मान हलवली. नाही.

“शांतिसेनेत होतो, परदेशात. बंडखोरायनं आमची तुकडी चारी बाजूनं वेढली. हेलिकॉप्टर वरून दानापानी टाके, दवाई टाके, अन् टपालाची थैली. थैली भरे तुहा बाप, मांगच्या तळावर. आता आमची एक रीत होती. आलेलं पत्र लगेच उघडाचं नाही. पुढचं आलं, का मांगचं उघडाचं. एक बंद पत्र खिशात पायजेच. ते असलं, का मानूस टिकते.”

त्यांनी एक फूल उचललं, परत ठेवलं.

“मले घरून पत्र आलं. भावाचं अक्षर. ठेवलं खिशात. खंदकात कमरीएवढं पानी भरलं, तरी ते भिजू देल्लं नाही. त्याच्याच भरवशावर राह्यलो. वेढा फोडून तळावर आलो, मंग उघडलं. माय गेली होती.”

मळ्यात पाटाचं पाणी वाहत होतं.

“मंग पाह्यलं, तं पत्राचा एक कोपरा दुसऱ्याच कागदाचा. गोंदानं असा साफ बसवला होता, का नख लागे ना. भावानं फाडला होता, तुह्या बापानं जोडला. लय भांडलो मी. म्हटलं, माह्यापासून माही माय लपवाचा तुले का अधिकार? तो शांत. म्हने, ‘पत्र अडवलं नाही, उघडलं नाही. तू वेढ्यात होता देवमन. तवर तुही माय जिती पायजे होती.’”

गीतांजलीच्या ओठांवर ते वाक्य पुन्हा आलं. या वेळी पूर्ण.

“काका, बाबा—”

“थांब.”

त्यांनी पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवलं. बटण लावलं. वरून तळहाताने दाबलं. मग एक टोपली ओढून तिच्यात झेंडू भरू लागले, निवडून निवडून, ताजी ताजी फुलं. टोपली काठोकाठ भरली तेव्हा ती तिच्या हाती दिली. डोळे ओले होते, आवाज मात्र खणखणीत होता.

“दादाले सांगजो, पत्र भेटलं. पुढचं आलं, का उघडतो.”