शून्यावर येईना

कारखान्यातली ॲसिटोनची गळती हवेतच ओळखणारा ऑप्टिकल फायबरचा सेन्सर उन्नतीने पावणे गावातल्या लॅबमध्ये पोटच्या पोरासारखा वाढवला होता. पण स्वच्छ हवेतही त्याचा आकडा शून्यावर येईना. आज नाही आला तर प्रोजेक्ट बंद, असं साहेबांनी सांगून टाकलेलं.

रडकुंडीला येऊन ती पुन्हा त्याच्यावर वाकली. आकडा चढलाच.

"सरक जरा," म्हणत सोबतचा धनेश तिच्या जागी वाकला. आकडा हळूहळू उतरत शून्यावर आला.

"अगं, सेन्सर बरोबरच आहे! उपाशी माणसाच्या श्वासातही ॲसिटोन असतं, ते पकडतोय तो. तू जेवली नाहीस काय?"



"सोमवारपासून नुसत्या पाण्यावर आहे रे. गावदेवीला बोललेय, आकडा शून्यावर आल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही!"