एकच क्रियापद

"गेट अप म्हणजे?" सूनबाईने विचारलं.

"वरचं फाटक," सासरे गंभीरपणे म्हणाले.

"आणि गेट डाउन?"

"खालचं."

सूनबाईने कपाळाला हात लावला. सासरे शर्टाला बटण लावत राहिले. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, हात रिकामे राहिले की करमायचं नाही. मुलाने परदेशी बोलावलं होतं आणि तिकडे जायचं तर इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यावी लागे. दोनदा ते नापास झाले. दुसऱ्यांदा साहेबाने नाव विचारलं, तर यांनी उठून त्याच्या खांद्यांचं माप घेतलं. तेव्हापासून घरची शिकवणी 'गेट' या एका क्रियापदावर अडून बसली होती.

"हा शब्द आहे की घरगडी?" सासरे कुरकुरले. "मिळवायचं तरी हाच, पोचायचं तरी हाच, आजारी पडायचं तरी हाच..." मग त्यांनी जीभ चावली.

खरं म्हणजे त्यांना सगळं येत होतं. पण मुलाने फोनवर बजावलं होतं, "एकटेच या, बाबा. मी इथे दुसरा संसार मांडलाय. तिला सावकाश सांगेन." एकुलत्या एका मुलाला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती. नापास व्हायला मात्र झकास जमत होतं. आणि ही वेडी, मागोमाग आपणही जाणार म्हणून जीव तोडून शिकवतेय!

फोन वाजला. मुलगाच होता. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि ठेवून दिला.

"काय म्हणतात?"

"नियम बदलला. म्हाताऱ्यांना परीक्षा माफ. रविवारचं विमान आहे." सुई कापडात तशीच अडकून राहिली. "घरालाही गिऱ्हाईक मिळालंय म्हणे."

तिने शिकवणीची वही मिटून ठेवली.

"पोरी, मला येत होतं गं सगळं. मुद्दाम नापास होत होतो. त्याने तिकडे..."

"मला केव्हाच सांगितलंय त्यांनी."

सासरे बघतच राहिले. "मग शिकवत कशाला होतीस?"

तिने त्यांच्या हातातून शर्ट काढून घेतला, उगीचच घडी घातली, पुन्हा मोडली.

"सगळ्यात जास्त अर्थांचं क्रियापद शोधून काढलं होतं, बाबा," ती म्हणाली. "वाटलं, दोनेक वर्षं तरी पुरेल."