दहा वर्षं टिकणारा टीव्ही

नवा स्मार्ट टीव्ही निवडायला मेहुणा आनिबाल माझ्याबरोबर सगळ्या रोसारिओ शहरभर फिरला. “दाजी, हाच घ्या. दहा वर्षं बघायला नको!” म्हणाला, आणि ‘अडगळ कशाला’ म्हणत आमचा जुना टीव्ही स्वतःच्या घरी घेऊन गेला.

वर्ल्ड कपचा पहिला सामना आम्ही नव्या टीव्हीवर पाहिला आणि अर्जेंटिना हरली. दुसऱ्या सामन्याला सोफ्यावर मी एकटाच. बायको, मुलं, माझी सख्खी आईसुद्धा आनिबालकडे, जुन्या टीव्हीसमोर. मागचा कप आपण त्याच्यावर बघूनच जिंकलो होतो म्हणे.

मीही धावत गेलो, बेल वाजवली. बायकोने दार फटीएवढंच उघडलं.


“आत येऊ नकोस हं! तू नव्हतास म्हणून आत्ता गोल झालाय. फायनलपर्यंत घरीच थांब.”