शेऱ्याचा रकाना

पुण्याला नोकरीत असलेल्या प्रफुलने बापाला आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि दर रविवारी फोनवरून शेतीचा हिशेब ठेवायला शिकवू लागला. "बाबा, शेवटचा रकाना शेऱ्याचा. काही सांगायचं असलं तर तिथं लिहा."

उद्धवराव एका बोटाने टाइप करत. सोयाबीनच्या सोंगणीपुढे त्यांनी शेरा लिहिला, 'बांधावरची सीताफळं पिकली. तुह्यासाठी ठेवून राह्यलो.' तुरीच्या फवारणीपुढे लिहिलं, 'आईनं शेंगा उकडल्या. तू कधी येतं?'

पारावर ते सांगत, "पोरगं पुण्यात हाये, पन जीव वावरातच हाये त्याचा."

वर्षभराने उमरखेडचा एक दुकानदार छापील कागद घेऊन थेट वावरात आला. म्हणाला, "प्रफुलभाऊनं हिशेब पाठवला. भाव तं जमला आमचा. म्हटलं, घ्यायच्या आधी वावर डोळ्यानं पाहून घ्यावं."

उद्धवरावांनी कागद हातात घेतला. बियाणं, फवारणी, मजुरी, उत्पन्न, सगळे आकडे त्यांनीच भरलेले होते.

शेऱ्याचा रकाना तेवढा पोराने काढून टाकला होता.