पाण्याआधीचा सूर

वेलुसामी दारात येऊन उभे राहिले, तशी प्रेमानंदने पेटी थांबवली.

शेजारचे वेलुसामी तमिळ कवी. सिनेमासाठी गाणी लिहिण्यात त्यांचं आयुष्य गेलं. म्हातारपणी ते मुलाकडे, भिलाईच्या वैशाली नगरात राहायला आले होते. संघमित्राने मोबाईलवर त्यांचंच एक जुनं गाणं शोधलं आणि तिच्या वडिलांनी, प्रेमानंदने, त्या चालीवर भीमगीत बांधलं. उद्या कॅम्प-1 वस्तीत आंबेडकर जयंतीच्या मंचावर ते गायचं होतं. एवढ्या वेळात दुसरं गाणं बसणार नव्हतं.

"तुले म्हटलं होतं, आधी विचारून घे," प्रेमानंद लेकीला हळूच म्हणाला.

"सगळेच सिनेमाच्या चाली घेतात, बाबा. कोन विचारते?"

"सगळ्यायच्या बाजूले कवी राहत नाही."

वेलुसामी खुर्चीत बसले. "गाना मेरा है."

"आप बोलोगे तो नहीं गाएँगे, अय्या." पेटीवरचा हात मात्र प्रेमानंदने काढला नाही.

"धुन मेरा नहीं. शब्द मेरा था. वो तो तुम सब फेंक दिया." ते हसले नाहीत. "दूसरा अंतरा में क्या लिखा?"

संघमित्राने अर्थ सांगितला. चवदार तळं. ओंजळीत पहिल्यांदाच घेतलेलं पाणी.

वेलुसामी खुर्चीत पुढे सरकले.

"मैं भी इधर पानी लिखा था. गाँव का कुआँ, जिसको हम लोग छू नहीं सकता. प्रोड्यूसर बोला, लव साँग में कुआँ कौन सुनेगा, आँखें लिखो. मैं आँखें लिखा." त्यांनी हाताने खूण केली. "गाओ."

ती गायली. 'पाणी' शब्दाआधीचा लांब सूर तिने रोजच्यासारखाच मध्ये तोडला.

"काटो मत. ये सुर मैं म्यूज़िक डायरेक्टर से माँगके लिया था. कुआँ गहरा है. बाल्टी ऊपर आने को टाइम लगता."

प्रेमानंदने पुन्हा भाता ओढला. संघमित्राने सूर धरला. समोर वेलुसामींचे हात हवेतला दोर ओढू लागले, एकाआड एक, सावकाश. तिचा श्वास संपत आला. हात थांबले नव्हते, म्हणून तिनेही सूर सोडला नाही.

हात थांबले. ती 'पाणी'वर आली.

वेलुसामींनी ओंजळ पुढे केली.