खुडूक

“यातून आता पिल्लं निघायची नाहीत.” जनावरांच्या डॉक्टरांनी अंडं टॉर्चसमोर धरून फिरवलं. “आतच गेलीत. येताना टेम्पोत हादरे बसले असणार.”

कोंबडी मात्र खोक्यात डोळे मिटून अंड्यांवर बसून होती. बंद पडलेल्या पोल्ट्रीतून सोडवून आणलेल्या कोंबड्यांत ही एकच खुडूक, अंडी उबवायला बसलेली. ना उठायची, ना दाण्याकडे बघायची. सुनेनं हौसेनं कोंबड्या घरी आणल्या खऱ्या, पण त्यांच्यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

डॉक्टरांनी दुसरं खोकं पुढं सरकवलं. आत त्याच पोल्ट्रीतली सात पोरकी पिल्लं चिवचिवत होती.

“हिच्याखाली ठेवून बघा. घेतलं तर जगतील. परकी वाटली, तर टोचून मारते हं.”

डॉक्टर गेले. सून पिल्लांकडे बघत उभी राहिली.

“खांबासारखी उभी काय राहतेस? चादर आण, जाड,” सासूबाई म्हणाल्या. “खोक्यावर अंधार पाहिजे. ती गुंगीत आहे तोवरच उरकायचं. गार अंडी काढली की लगेच पिल्लं सरकवायची. तिला रिकामं वाटता कामा नये.”

“तुम्ही कोंबड्या पाळल्या होत्या?”

“मी? मला पिसांनी शिंका येतात.” आणि त्या शिंकल्याच.

काढलेली अंडी नवऱ्यानं पंच्यात गुंडाळली. “मी पुरतो,” म्हणाला आणि परसात गेला. परत आला तेव्हा कितीतरी वेळ नळाखाली हात धूत उभा राहिला.

“अहो, अंडीच होती ती,” सून हसली. तो हसला नाही.

रात्री तान्ह्या मुलीला थोपटताना सुनेच्या मनात कोंबडीच होती. तिचंही बाळंतपण जिवावर बेतलं होतं. शुद्धीवर आली तेव्हा मुलगी कुशीत होती, आणि आधीचं सगळं कुठल्या कुठे पळालं होतं. कोंबडीचंही तसंच होऊ दे, एवढंच तिला वाटत होतं.

सकाळी चादर उचलली, तर तांबूस पंखांखालून काळी डोकी डोकावत होती.

शेजारच्या काकू बघायला आल्या. “अगं बाई, आई गोरी नि पोरं काळी!” मग सुनेच्या कडेवरच्या मुलीचा गालगुच्चा घेत म्हणाल्या, “आणि हिचं नाक कुणावर गेलंय गं? ना तुझ्यावर, ना त्याच्यावर.”

“तुमचं दूध उतू गेल्याचा वास येतोय,” सासूबाई म्हणाल्या. काकू पळाल्या.

तेवढ्यात कोंबडीनं मान वाकडी केली आणि एका पिल्लाच्या डोक्याशी चोच मारली.

“टोचलं! आई, टोचलं तिनं!” सुनेनं खोक्यात हात घातला.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. “दाणा दाखवतेय ती त्याला.”

“नाही, तिला संशय आलाय. मी काढते सगळी.”

“काढलीस तर गारठून मरतील.”

“आणि ठेवली तर ही मारेल! आपण फसवलंय तिला. आज नाही तर उद्या कळणारच. आपलं कुठलं नि परकं कुठलं, ते आईला कळतंच हो!”

नवरा दारात येऊन उभा राहिला होता. “आई, नको,” तो म्हणाला.

खोक्यातली चिवचिव थांबली. पिल्लं पंखाखाली शिरली होती. सासूबाईंनी सुनेचं मनगट सोडलं नाही. त्या तिच्या कडेवरच्या मुलीकडे बघत होत्या.

“आठ महिने झाले,” त्या म्हणाल्या. “तुला कुठं कळलं?”