मैनाबाईचा रविवार

वर्तक डॉक्टरांनी निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून काचेची नळी दिव्यावर तापवली. रंग निळाच राहिला, म्हणजे साखर नाही. काल हाच रंग विटेसारखा लाल झाला होता. बाकावर मैनाबाई पडली होती. साखरपाणी पाजल्यावर नुकतेच तिने डोळे उघडले होते.

"काल साखर आभाळाला, आज पाताळात! हंसा, तू सासूला देतेस तरी काय?"

हंसाने सांगून टाकलं. लपवण्यासारखं तिने काही केलंच नव्हतं. सासूच्या गालात कॅन्सर आणि अंगात जुना मधुमेह. मुंबईचे डॉक्टर गालावर लाईट, म्हणजे किरणं, देत आणि बजावत, बाई खंगतेय, दूध-शिरा भरवा. पालघरच्या वर्तकांनी इन्सुलिनची सुई टोचायला शिकवलं होतं आणि गोड बंद केलं होतं. दोघंही शिकलेले, मान दोघांचा राखायला हवा. दातिवऱ्यात, त्यांच्या कोळ्यांच्या गावात, जाळं लावायच्या एका जागेवर दोन भावांचा हक्क असला की एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. हंसाने तोच न्याय लावला. मुंबईच्या दिवशी शिरा, सुई नाही. पालघरच्या दिवशी सुई, शिरा नाही.

वर्तकांनी कपाळावर हात मारला. "अगं, जीव घेशील म्हातारीचा!"

"मंग तुमी दोगं बोला नं येकमेकांशी!" हंसाचा आवाज चढला. "दोन तांडेल दोन दिशांना होडी वळवनार, आन बुडाली तर दोष खलाशाचा?"

त्या काळी डॉक्टरला असं कुणी बोलत नसे. पण बोललंच, तर ऐकून घेणारे डॉक्टरही तेव्हा होते. तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, आणि पालघरहून मुंबईला फोन लावायचा तर पोस्टात अर्धा दिवस मोडे. वर्तकांनी सरळ दवाखान्याला कुलूप लावलं आणि दोघींबरोबर गाडीत बसले.

मुंबईत दोन डॉक्टर, एक नर्स आणि हंसा एका टेबलाभोवती बसले. दोघांच्या सूचनांच्या दोन कागदांचा एक कागद झाला. पोटात किती गेलं ते पाहून सुई कमी-जास्त करायची, आणि ते हंसाने बघायचं. सगळं जमलं, तशी मैनाबाईने मान हलवली.

"मी आता नाय येनार."

अजून दहा लाईट बाकी होते. मध्येच सोडलं तर गाठ पुन्हा डोकं वर काढणार, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं.

"का हो, मैनाबाई?" मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांनी तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

सोललेल्या तोंडातून शब्द एकेक करून आले. "येक दिस यांचा, येक दिस त्यांचा. माजा दिस कवा?"

"तुमच्या दिवशी काय कराल?"

"बाजारात बसंन."

पालघरच्या बाजारात ती मासळी घेऊन चाळीस वर्षं बसली होती. तिची हाक ऐकून गिऱ्हाईक दोन गल्ल्या ओलांडून यायचं. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं. नर्सने कागदावर रविवारच्या सुईचं माप वेगळं लिहिलं.

रविवारी हंसाने भाव पुकारला आणि मैनाबाई शेजारी बसून डोळे वटारत राहिली. सून पडत्या भावात देतेय, हे तिला सोसवेना. जुनी गिऱ्हाइकं भोवती जमली, कुणी थट्टा केली, कुणी डोळे पुसले. दुपारी तिने आपणहून वाटीभर पेज मागितली. हंसाला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तरी सोमवारी पहाटे ती भीतभीतच सासूला उठवायला गेली. म्हातारी लुगडं नेसून ओटीवर बसली होती.

"चल लवकर, गाडी चुकंल," मैनाबाई म्हणाली. "पुढल्या रविवारी पापलेट देईन, असा शबूद दिलाय मी गिऱ्हाइकाला."